कादरचाचांची सेटिंग

प्रसेनजित खिल्लारेचं दुकान चिखलीत मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. संगणक दुरुस्ती, प्रिंट, झेरॉक्स आणि पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देणं असं सगळं तिथे चालतं. माणूस हुशार, बोलायला गोड. बिघडलेला संगणक घेऊन कोणी रडत आला की तो आधी त्याला चहा पाजतो आणि मग यंत्राला हात लावतो. पण शहाण्या माणसाला एखादं वेड हवंच, नाहीतर त्याच्याशी गप्पा तरी कशावर मारायच्या? प्रसेनजितचं वेड सेटिंगचं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. पूर्वीच्या टीव्ही गेमच्या कॅसेटी आता चालवायच्या कशावर? ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली. पण संगणकात एक सॉफ्टवेअर टाकलं की ते त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग वठवतं, आणि बिचाऱ्या गेमला पत्ताही लागत नाही की आपण दुसऱ्याच घरात राहायला आलो आहोत. त्याला म्हणतात एम्युलेटर. या एम्युलेटरला सेटिंग असतात, आणि किती असतात ते विचारू नका. रंग कसा दिसावा, आवाज कसा यावा, कोणत्या बटणानं काय व्हावं, जॉयस्टिक किती हलली म्हणजे हलली असं धरावं. साधा माणूस हे सगळं आहे तसं सोडून खेळायला बसतो. प्रसेनजित खेळायचं सोडून हेच करत बसतो.

"तुमचा गेम सुरू कधी होते?" असं त्याची बायको मंजुश्री लग्नापासून विचारत आली आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तिला प्रश्न विचारायची सवय आहे. "पुरी कणीक मळून ठेवायची अन् पोळी लाटायचीच नाही, असं काम हाय तुमचं."

प्रसेनजित हसतो आणि पुन्हा सेटिंग उघडतो.

या वेडाचं मूळ शोधायला गेलं तर ते कादरचाचांच्या टपरीत सापडतं. प्रसेनजित शाळकरी होता तेव्हा चिखलीच्या स्टँडमागे पत्र्याच्या खोलीत 'कादर टीव्ही गेम' होतं. आत एक टीव्ही, दोन जॉयस्टिक, एक लांब बाक आणि बाकावर मावतील त्याच्या दुप्पट पोरं. कादरचाचा मूळचे टीव्ही मेकॅनिक. हातात सोल्डरिंगची कांडी धरली की तिचं टोक जिथे ठेवतील तिथेच राहायचं, केसभरही सरकायचं नाही. उरल्या वेळात ते स्वतःही खेळत. नदीत दोन होड्यांची शर्यत लागायची, मध्ये खडक, भोवरे, वाहून आलेली लाकडं. त्या गेमचं खरं नाव कॅसेटवर कुठल्याशा परक्या लिपीत होतं, म्हणून पोरांनी त्याचं बारसं 'होडी' असं करून टाकलं. होडीत चाचांना हरवणारा माणूस चिखलीत नव्हता, आणि बाहेरून कोणी आणलाच तर तोही तोंड पाडून एसटीत बसायचा.

पुढे घरोघरी मोबाइल आले आणि टपरी बसली. चाचांनी कॅसेटींची पेटी प्रसेनजितच्या दुकानात आणून ठेवली आणि म्हणाले, "तुह्यापाशी राहू दे. तू याइले उन्हात नाही टाकणार." प्रसेनजितनं एक छोटं यंत्र मागवून एकेक कॅसेट संगणकात उतरवली. मग होडी सुरू करून तो सेटिंगला बसला. नदीचा निळा टपरीतल्या टीव्हीसारखा फिकट हवा होता. आवाज थोडा घोगरा हवा होता. टपरीतल्या टीव्हीच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक हिरवा डाग होता, कुण्या दिवट्यानं लोहचुंबक लावून पाडलेला. प्रसेनजितनं तो डागसुद्धा सेटिंगमधून पडद्यावर आणला. आता हा डाग परत आणायची काही गरज होती का? पण वेडाला गरज विचारायची नसते.

सगळं मनासारखं जमलं आणि त्याच्या ध्यानात आलं की हे ज्याला दाखवायचं तो माणूस बऱ्याच दिवसांत रस्त्यावर दिसलाच नाही.

कादरचाचा म्हणजे घरात न ठरणारा माणूस. नमाजहून परतताना चौकात थांबतील, कुणाच्या तरी रेडिओत डोकं घालतील, हमालांशी राजकारणावर भांडतील. ते चौकातून नाहीसे व्हावेत हे काही बरं लक्षण नव्हतं. प्रसेनजितनं ज्याला त्याला विचारलं. कोणी म्हणे गुडघे दुखतात, कोणी म्हणे बायको गेल्यापासून मन लागत नाही. शेवटी तो स्वतः त्यांच्या घरी गेला, दारातूनच म्हणाला, "चाचा, होडी पाण्यात उतरली. आता तुम्ही नाही आले तं मी दुकान बंद करतो." चाचांनी दोनदा नाही म्हटलं. उजवा हात कुडत्याच्या खिशात घालून ते उभे होते. मग प्रसेनजितचा चेहरा पाहून त्यांना राहवलं नाही.

ते आले तेव्हा दुकानात आसिम बसलेला होता. आसिमचं शेजारी मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तोही टपरीतल्या बाकावर वाढलेला, तोंडाचा फाटका, मनाचा साफ. चाचा खुर्चीत बसले. पडद्यावर नदी आली, फिकट, घोगरी, डागासकट. चाचा बघतच राहिले. "अरे, हा तं आपलाच टीव्ही हाय," ते म्हणाले, आणि प्रसेनजितला वाटलं, केलेल्या कष्टांचं चीज झालं.

मग त्यांनी खिशातून हात काढला आणि जॉयस्टिक धरली.

होडी निघाली, आणि निघताक्षणी थरथरायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पहिल्याच खडकावर आपटली. दुसऱ्यांदा सुरू केली तर वेगाचं बटण अंगठ्याखालून सुटायचं, लागायचं, सुटायचं, आणि होडी नदीत मध्येच उचकी लागल्यागत अडायची. आसिमला वाटलं चाचा मस्करी करत आहेत. तो मोठ्यानं हसला. "चाचा, होडी दारू टाकून आली काय आज?"

आसिमचं हसू अर्ध्यावर राहिलं, कारण तेव्हा त्याची नजर पडद्यावरून हातावर गेली होती. चाचांनी जॉयस्टिक टेबलावर ठेवली, हात खिशात घातला, "मस्त बनवलं, पोरा," एवढं म्हणाले आणि निघून गेले. आसिमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रसेनजित डागाकडे बघत बसला.

दोन-चार दिवसांनी चाचांची मुलगी आसमा प्रश्नपत्रिका छापून घ्यायला आली. ती उर्दू शाळेत शिक्षिका आहे, वडिलांजवळच राहते आणि मनातलं मनात ठेवणं तिला जमत नाही. तिनं सगळं सांगितलं. वर्षापासून चाचांचा उजवा हात कापतो. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, मोठा आजार नाही म्हणाले, नुसता कंप आहे, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण हात चालता ठेवा. चाचा हात चालता ठेवायचं सोडून लपवून ठेवू लागले. लग्नात जेवायला बसत नाहीत, चौकात जात नाहीत.

"त्याइले एकाच गोष्टीचं भेव हाय," आसमा म्हणाली. "कोणी इचारलं, कादरभाई, हाताले काय झालं, तं काय सांगायचं? ज्या हातानं सारी चिखली टीव्ही दुरुस्त करून नेत होती, त्याच हाताचं काय सांगायचं?"

"मले ठाऊक नव्हतं, आसमा," प्रसेनजित म्हणाला. "मी तं सारं अस्सल जुन्यासारखं केलं होतं. डागसुद्धा."

आसमानं पडद्यावरच्या डागाकडे पाहिलं. "टीव्ही म्हातारा झालेला तुमच्या ध्यानात राह्यला, भाऊ," ती म्हणाली, "अब्बाबी झाले, हे नाही राह्यलं." आणि प्रश्नपत्रिका उचलून गेली.

प्रसेनजितला हे फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा स्वतःची हौस बाजूला ठेवून सेटिंग उघडली. जॉयस्टिक थोडी हलली तरी ती हललीच नाही असं समजायला सांगणारी एक सेटिंग असते. तिला डेडझोन म्हणतात. हा डेडझोन त्यानं चांगला ऐसपैस केला, म्हणजे हात कितीही कापला तरी होडी ढिम्म राहील आणि चाचांनी मुद्दाम काठी ढकलली तरच वळेल. वेगाचं बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहावं अशी सोय केली. नदीचा वेगही, म्हणजे सगळ्या गेमचाच वेग, थोडा कमी केला. हे सगळं त्यानं होडीपुरत्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. एम्युलेटरची रीतच अशी असते: एक मोठी फाइल सगळ्यांसाठी, आणि ज्याची काही खास गरज असेल त्याची लहानशी फाइल वेगळी. लहान फाइल मोठीच्या वर बसते आणि आपल्यापुरतं बदलून घेते, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

पण डेडझोन किती हवा, हे त्यानं अंदाजानं ठरवलं. चाचांना विचारलं असतं तर त्यांच्या हाताचा विषय काढावा लागला असता, आणि तेवढी छाती त्याची झाली नाही. आपण दया दाखवतोय हे चाचांना कळलं तर ते पुन्हा पाऊल टाकणार नाहीत, असा त्यानं हिशेब केला. म्हणून तो त्यांच्या घरी जाऊन चक्क खोटं बोलला. "चाचा, त्या दिवशी जॉयस्टिकच खराब होती. वायर लूज होती. नवीन आणली."

चाचांनी त्याच्याकडे बघितलं. मेकॅनिक माणूस, वायर लूज असली की काय होतं हे त्यांना नव्यानं सांगायला नको. पण माणसाला जे हवं असतं ते तो लवकर पटवून घेतो. चाचा आले.

आणि होडी सुटली. खडक चुकला, भोवरा चुकला, लाकूड आलं तेही चुकलं. चाचांची मान आपोआप होडीबरोबर कलायला लागली, टपरीत कलायची तशी. आसिम मागे उभा राहून तोंड शिवल्यासारखा गप्प होता. मग त्यालाच राहवलं नाही, त्यानं दुसरी जॉयस्टिक घेतली आणि हरला. खरोखरच हरला, कारण तो टपरीतही हरायचा. होडी त्याला जरा जड वाटली, पण हरणाऱ्याला ती नेहमीच जड वाटते. चाचा हसले तेव्हा त्यांचा उजवा हात टेबलावर होता आणि ते त्याला विसरले होते.

मग ते रोजच येऊ लागले. दुपारची नमाज झाली की यायचे, एक-दोन डाव खेळायचे आणि जाताना चौकात घटकाभर थांबायचे. डावा हात पुढे करून का होईना, पण थांबायचे. आसमानं एकदा येऊन फक्त "शुक्रिया, भाऊ" एवढंच म्हटलं. प्रसेनजित आनंदात होता. दुकानात शिट्टी वाजवत फिरायचा. मंजुश्री म्हणाली, "पाह्यजा, आता काहीतरी बिघडवून ठेवसान." बायकांना हे कुठून कळतं देव जाणे.

तर झालं असं की प्रसेनजितला हिरवा डाग खुपत होता. टपरीतला डाग कडेला जरा पिवळसर होता, असं त्याला एका सकाळी आठवलं. होडी चालूच होती, चाचांची लहान फाइल वर बसलेली होती, आणि त्यानं तशातच डागाची कड पिवळी केली. छान झाली. मग आहे ते सगळं जपून ठेव, असं त्यानं बटण दाबलं. हे बटण तो हजारदा दाबत आला होता. ते बटण मोठ्या फाइलचं होतं. चाचांचा ऐसपैस डेडझोन, दाबलं की न सुटणारं बटण, संथ झालेला वेग, सगळं सगळ्यांच्या फाइलमध्ये जाऊन बसलं. सेटिंगच्या नादी लागलेल्या माणसाच्याच हातून होईल अशी ही चूक. ज्याला सेटिंग येत नाहीत तो ती करूच शकला नसता.

दुपारी चाचा आले. आसिमही आला. रोज होडीत मार खाऊन त्याचं पोट भरलं होतं, म्हणून त्यानं दुसरा गेम लावला, कुस्तीचा. तो त्यात पटाईत होता. पण त्याचा पैलवान जागचा हलेना. हलला तर ठोसा मारत सुटला आणि थांबेचना. चाचांच्या पैलवानानं त्याला शांतपणे उचलून आपटलं.

"अबे प्रसेनजित, या जॉयस्टिकले काय झालं?" आसिम ओरडला. "हलवली तं हालत नाही, दाबली तं सुटत नाही. अन् हे पैलवान काऊन झोपीत चालून राह्यले?"

प्रसेनजित प्रिंटरपाशी होता. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि झालेली चूक एका क्षणात त्याच्या डोक्यात उजेड पडावा तशी लख्ख दिसली. "अरे थांब," तो म्हणाला, "चाचांची सेटिंग साऱ्याइले लागली वाटते."

तोंडातून शब्द निघून गेला.

चाचांनी जॉयस्टिक हळूच खाली ठेवली. "माह्यी कोणती सेटिंग?"

आसिमनं एकदा प्रसेनजितकडे, एकदा चाचांकडे पाहिलं. चाचांना उत्तर नकोच होतं. उत्तर त्यांच्यासमोर पडद्यावर पडलेलं होतं. त्यांनी हात खिशात घातला आणि ते निघाले. दाराशी थोडे अडखळले, पण मागे वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. प्रसेनजित भरल्या ताटावरून उठू लागला. जे झाकायला तो खोटं बोलला होता तेच त्यानं भर दुकानात उघडं केलं होतं. आधी चाचांना फक्त हाताची लाज होती. आता जिंकण्याचीही वाटत असणार. मंजुश्रीनं त्याचं ताट पाहिलं आणि म्हणाली, "संगणकाले इचारून सुटणार हाय काय हे? जा, त्याइलेच इचारा."

चाचा अंगणात खाटेवर बसले होते. प्रसेनजित त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. आसमानं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली नाही, दारातच थांबली.

"एक सांग," चाचा म्हणाले. "मी जिंकून राह्यलो होतो, का तू जिंकवून राह्यला होता?"

"तुम्हीच जिंकले, चाचा. खडक तुम्हीच चुकवले. मी फक्त हाताचा कंप..." हा शब्द प्रसेनजितनं त्यांच्यासमोर पहिल्यांदाच काढला. "कंप होडीपर्यंत पोचू नये एवढंच केलं."

"मंग वायर लूज होती असं काऊन सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"अन् आता?"

प्रसेनजितच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं लपवलं नाही.

चाचांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "तू बारका होता तवा तुह्या अंगठ्यानं बटण दबत नव्हतं. याद हाय? मी चपलेचा रबर कापून बटणावर चिकटवला होता. कुठी चिकटवला? साऱ्या पोराइच्या समोर. तुले बाजूले बसवून, तुह्या अंगठ्याचं माप घेऊन. पोट्टे हासले तं मी म्हटलं, हासा, उद्या तुमचं काही अडलं तं माह्यापाशीच यासान. चोरून नाही केलं मी." ते थांबले. "माह्या हाताचं माप तू घेतलंच नाही, पोरा. मले न इचारताच शिवून आणला सदरा."

"चुकलं, चाचा."

"हाव, चुकलंच," चाचा म्हणाले. पण म्हणताना त्यांनी हात खिशातून काढून खाटेवर ठेवला. तो कापत होता आणि प्रसेनजित त्याच्याकडे बघत होता, आणि हे असं त्या दोघांनी पहिल्यांदाच केलं. दारातून आसमा म्हणाली, "अब्बा, मंग आता माप देऊन या ना." चाचांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ती मागे हटली नाही. मुलगी कोणाची!

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा आले, आणि आल्याआल्या म्हणाले, "दाखव. काय काय केलं ते सारं दाखव." आसिम होताच. प्रसेनजितनं दार लोटून घ्यायला हात पुढे केला तर चाचा म्हणाले, "राहू दे उघडं. उकडते."

प्रसेनजितनं आधी मोठी फाइल पूर्ववत केली. मग एम्युलेटरमधला एक पडदा उघडला, जो त्यानं आजवर स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. त्यात एक मोठा गोल असतो आणि मधोमध एक ठिपका. जॉयस्टिक जशी हलेल तसा ठिपका हलतो. डेडझोन किती ठेवायचा हे खरं तर त्यावरूनच पाहायचं असतं, पण त्याला हातात जॉयस्टिक धरलेला माणूस समोर लागतो.

"धरा, चाचा. चालवू नका, नुसती धरा."

चाचांनी जॉयस्टिक धरली. हात कापू लागला आणि पडद्यावर ठिपकाही कापू लागला. इतके दिवस ज्याच्याकडे त्यांनी स्वतः धड बघितलं नव्हतं, ते आता पडद्यावर, उघड्या दारासमोर, सगळ्यांच्या देखत थरथरत होतं. चाचा चष्मा वर सरकवून पडद्याजवळ वाकले. ठिपका मधल्या मध्ये हलत होता. मोठा गोल चारही बाजूंनी मोकळा पडला होता.

"एवढाच?" चाचा म्हणाले.

"हाव."

"मले तं वाटे, सारा हातच गेला. हे तं इतकुसं हाय." त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं ठिपक्याची हद्द पडद्यावर दाखवली. मग प्रसेनजितनं ठेवलेला डेडझोन पाहिला. तो त्याहून कितीतरी मोठा होता, अर्ध्याअधिक गोलावर पसरलेला. "अन् हे काय? एवढं मोठं भगदाड पाडलं? माह्या हातावर भरवसाच नव्हता काय बे तुहा?"

प्रसेनजित ओशाळला, आणि हसला, आणि त्याला बरंही वाटलं. कंप लहान होता. मोठी होती ती कंपाची धास्ती, आणि ती चाचांना जितकी होती तितकीच प्रसेनजितलाही. चाचांनी स्वतः कीबोर्डवरचे बाण दाबत डेडझोन कमी करत आणला, ठिपका आत मावेल आणि वर थोडी जागा राहील इतका. नदीचा वेग पहिल्यासारखा करायला लावला. "पाण्यानं काऊन हळू वाहावं?" वेगाचं बटण मात्र दाबलेलं राहू दे म्हणाले, अंगठा दुखतो. तेही त्यांनी स्वतःच सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं. प्रसेनजितनं ते सगळं लहान फाइलमध्ये ठेवलं, आणि ठेवण्याआधी दोनदा वाचून पाहिलं की ती खरंच लहान फाइलच आहे.

"नाव काय देऊ?"

"माह्यंच दे. दुसऱ्या कोणाचं देशीन?"

होडी सुरू झाली. आता ती पूर्वीपेक्षा चपळ होती आणि चाचांना जड जात होती. आसिमनं लाज सोडून जोर लावला. पहिला डाव आसिम जिंकला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि इतका खूश झाला की बाजूच्या दुकानात गिऱ्हाईक थांबलंय हेही विसरला. "पुन्हा लाव," चाचा म्हणाले.

तेवढ्यात जानेफळहून कचरू सरदार आले. म्हातारा माणूस, आसिमच्या दुकानातून काही घ्यायला नाही तर प्रसेनजितकडे पेनड्राइव्हमध्ये भीमगीतं भरून घ्यायला नेहमी येणारा. कादरचाचांनी त्यांचा टीव्ही कितीदा दुरुस्त करून दिला असेल, त्याला गणती नाही. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, पेनड्राइव्ह काढला आणि त्यांची नजर चाचांच्या हातावर गेली. कचरूभाऊंना मनात एक आणि तोंडात एक असं कधी जमलं नाही.

"कादरभाई," ते सरळ म्हणाले, "हात काऊन हालून राह्यला?"

आसिमची होडी खडकावर आपटली. प्रसेनजितचा हात पेनड्राइव्हकडे जाता जाता अधांतरी राहिला. ज्या प्रश्नासाठी चाचा वर्षभर चौक टाळत होते, लग्नातून उपाशी परतत होते, तो दारातून आत येऊन समोर उभा होता.

चाचांनी नदीवरून नजर काढली नाही. "हालते आता," ते म्हणाले. "वरीस झालं. डॉक्टर म्हणे, मोठं काही नाही. याची सेटिंग करून घेतली मी." एक लाकूड आलं, ते त्यांनी चुकवलं. "तुमचं कसं चाललं, कचरूभाऊ?"

"माह्ये तं डोये गेले," कचरूभाऊ म्हणाले. "एक डोया नुसता धुकं दाखवते. पोराइले सांगतलं नाही अजून. उगा दवाखान्यात नेतीन."

चाचांनी होडी थांबवली आणि पहिल्यांदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग उजव्या हातानं शेजारची खुर्ची ओढली. हात कापत होता, खुर्चीचे पाय फरशीवर खडखडले, आणि त्यांनी ती सावकाश ओढून नीट जागेवर आणली.

"बसा इथी," ते म्हणाले. "प्रसेनजित, पडदा मोठा कर अन् रंग जरा भडक कर. पण आधी याइले इचार, याइले दिसते किती."

प्रसेनजितनं पेनड्राइव्ह बाजूला ठेवला आणि सेटिंग उघडली. कचरूभाऊ नको नको म्हणत बसले.